लॉगिन स्क्रीन अडली म्हणून हिशेब गेला असे समजू नका

जरीकामाचा छोटा कारखाना चालविणारे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. हाताखाली अकरा कारागीर. कोणी किती नग दिले, कोणाची उचल किती, कोणत्या दुकानाकडून किती येणे, हे सारे ते संगणकावर लिहून ठेवीत. संगणक जुनाच, त्यावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली घातलेली. एके दिवशी सकाळी त्यांनी पासवर्ड टाकला. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा तीच पासवर्ड विचारणारी स्क्रीन समोर आली. दहा वेळा टाकला, दहा वेळा तेच.

दुरुस्ती करणाऱ्या मुलाने पाच मिनिटे पाहिले आणि सांगितले, “चाचा, सिस्टम उडाली. फॉरमॅट मारावं लागेल.”

“आणि माझा हिशेब?”

“तो गेला समजा.”

गृहस्थांनी नाइलाजाने होकार दिला. आठवड्याच्या हिशेबाला बसले तेव्हा कारागिरांच्या उचलीचा एकही आकडा हाती नव्हता. प्रत्येकाला विचारले आणि जो आकडा त्याने सांगितला तो मान्य केला. दोघांना नीट आठवतच नव्हते. तिघे म्हणाले, आमची मागच्याच महिन्यात फिटली. खरे-खोटे कोण करणार? वर्षानुवर्षांच्या संबंधात पहिल्यांदा संशय शिरला.

काही महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार घडला. या वेळी संगणक फॉरमॅट करण्याआधी आम्ही तो उघडून पाहिला. हिशेब जागच्या जागी होता. हार्ड डिस्क काठोकाठ भरली होती, एवढाच बिघाड. वीस मिनिटांत संगणक सुरू झाला. पहिल्या वेळीही बहुधा हेच झाले असावे.

हा धडा सर्वांच्या उपयोगी पडावा म्हणून आज हा विषय घेतला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती बंद झाली. जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही आणि नवा संगणक घेणे परवडत नाही, अशा वेळी लिनक्स हा चांगला मार्ग आहे. मात्र ती वापरावयाची तर तिच्या दाराची किल्ली आपल्यालाच माहीत हवी.

दार आणि दुकान

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहिला. त्यावर आधारलेल्या अनेक प्रणाली आहेत. लिनक्स मिंट ही २००६ पासूनची. या लेखातील माहिती मिंटच्या सिनॅमन या नेहमीच्या प्रकाराला धरून आहे. उबुंटूवरही बहुतेक गोष्टी अशाच चालतात.

संगणक सुरू केल्यावर तीन गोष्टी पाठोपाठ होतात. प्रथम प्रणाली जागी होते. नंतर पासवर्ड विचारणारा एक स्वतंत्र प्रोग्राम पुढे येतो. मिंटमध्ये त्याचे नाव लाइटडीएम. हा दुकानाच्या दारातला दरवान समजावा. पासवर्ड पटला की तो आपल्याला आत सोडतो आणि मग डेस्कटॉप मांडला जातो, म्हणजे दुकान उघडते.

आपला हिशेब, बिले, नक्षीचे खाके हे सारे आतल्या कपाटात, म्हणजे होम या फोल्डरात असते. दरवान आजारी पडला किंवा दुकान मांडायला जागा उरली नाही, तर आपण बाहेर अडकतो. पण कपाट तसेच राहते. म्हणून पहिला नियम: लॉगिन होत नाही एवढ्यावरून कधीही फॉरमॅट करू देऊ नये.

दुसरा नियम: आधी लक्षण ओळखावे. लक्षणे मुख्यतः तीन. एक, पासवर्ड चुकीचा असल्याचा निरोप येतो. दोन, पासवर्ड मान्य होतो पण स्क्रीन फिरून तेथेच येते. तीन, लॉगिन स्क्रीनच दिसत नाही, नुसता काळोख असतो. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

पहिले लक्षण: पासवर्ड चुकीचा म्हणते

प्रथम कॅप्स लॉकचा दिवा पाहावा. लॅपटॉप असल्यास नम लॉकही पाहावे. ते चालू राहिले तर काही लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी आकडे उमटतात.

त्यानंतर कळफलकाची भाषा. आपण मराठीत बिले करीत असलो तर संगणकावर मराठी आणि इंग्रजी असे दोन कळफलक असतात. लॉगिनच्या वेळी मराठी निवडलेला राहिला तर पासवर्डाची अक्षरे देवनागरीत जातात. स्क्रीनवर मात्र टिंबेच दिसतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. लॉगिन स्क्रीनच्या कडेच्या पट्टीवर कळफलकाची खूण असते. तिच्यावर क्लिक करून इंग्रजी निवडावे. मराठीत काम करणाऱ्यांनी हे सर्वांत आधी तपासावे.

तिसरी गोष्ट, कळफलकाची एखादी कळ मेलेली असणे. ज्या दुकानात चहा आणि धूळ दोन्ही आहेत तेथे हे होतेच. दुसरा कळफलक लावून पाहावा.

पासवर्ड खरोखरच विसरला असेल तर त्याचा इलाज पुढे दिला आहे.

दुसरे लक्षण: आत घेते आणि लगेच बाहेर टाकते

आमच्या गृहस्थांचे झाले ते हेच. येथे पासवर्डात चूक नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. दरवानाने ओळखले, पण आत दुकान मांडता आले नाही.

सोपा उपाय आधी. लॉगिन स्क्रीनवर आपल्या नावाशेजारी एक लहान खूण असते. ती दाबली की डेस्कटॉपच्या प्रकारांची यादी उघडते. तीत सिनॅमन आणि सिनॅमन सॉफ्टवेअर रेंडरिंग अशी दोन नावे दिसतील. दुसरे निवडून पासवर्ड टाकावा. या मार्गाने आत शिरता आले तर दोष बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये आहे. त्याचा इलाज तिसऱ्या लक्षणात पाहावा.

तरीही बाहेर टाकत असेल तर मागच्या दाराने जावे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ या तीन कळा एकदम दाबाव्यात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही दाबावी लागते. चित्रे नसलेली काळी स्क्रीन येईल आणि तीवर लॉगिन हा शब्द दिसेल. तेथे आपले वापरनाव लहान अक्षरांत टाइप करून एंटर दाबावे, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना टिंबेसुद्धा दिसत नाहीत. कळफलक बंद पडला असे समजू नये. पूर्ण टाइप करून एंटर दाबावे.

आता आज्ञा द्यावयाच्या. पुढे प्रत्येक आज्ञेची अक्षरे सुटी करून दिली आहेत. ती इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करावीत. जेथे “जागा” असे लिहिले आहे तेथेच स्पेसबार एकदा दाबावा. आज्ञा संपली की एंटर.

पहिली आज्ञा फक्त दोन अक्षरांची: एल एस. एंटर दाबताच आपल्या फोल्डरांची नावे दिसतील. ती दिसली की निर्धास्त व्हावे, कपाट शाबूत आहे.

कारण १: डिस्क भरली आहे. आज्ञा अशी: डी एफ, जागा, उणे चिन्ह, एच. एक तक्ता येईल. ज्या ओळीच्या शेवटी फक्त एक तिरकी रेघ आहे ती आपली मुख्य डिस्क. तिच्यापुढे १०० टक्के लिहिले असेल तर चोर सापडला. डेस्कटॉप उघडताना प्रणालीला काही लहान फायली लिहाव्या लागतात. लिहायला जागा नसेल तर ती माघार घेते आणि आपण परत दारात येतो.

जागा करण्यासाठी: एस यू डी ओ, जागा, ए पी टी, जागा, सी एल ई ए एन. संगणक पुन्हा पासवर्ड विचारील, तो द्यावा. सुडो हा शब्द आज्ञेच्या आधी आला की ती मालकाच्या अधिकाराने चालते. या आज्ञेने प्रोग्रामांच्या उतरवून ठेवलेल्या जुन्या गठड्या निघून जातात. आपल्या फायलींना धक्का लागत नाही.

मिंटमध्ये डिस्क भरण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे टाइमशिफ्ट. हा प्रोग्राम प्रणालीच्या प्रती ठरावीक वेळी साठवून ठेवतो. त्या त्याच डिस्कवर साठू लागल्या की जागा खातात. त्यांची यादी पाहण्यासाठी: एस यू डी ओ, जागा, टी आय एम ई एस एच आय एफ टी, जागा, दोन उणे चिन्हे आणि त्यांना जोडून एल आय एस टी. एखादी जुनी प्रत काढण्यासाठी याच आज्ञेत शेवटच्या शब्दाऐवजी डी ई एल ई टी ई लिहावे. कोणती प्रत काढावयाची ते संगणक विचारतो. जुन्यातली जुनी निवडावी. शक्य असेल तर एक अलीकडची प्रत राहू द्यावी.

मग पुन्हा डी एफ ची आज्ञा देऊन किती जागा झाली ते पाहावे. दोन-चार जीबी मोकळी झाली की काम भागते. नंतर एस यू डी ओ, जागा, आर ई बी ओ ओ टी असे लिहून संगणक पुन्हा सुरू करावा.

कारण २: एका फाइलीची मालकी बदलली आहे. होम फोल्डरात एक लपलेली फाइल असते. तिचे नाव टिंबाने सुरू होते, पुढे मोठा एक्स आणि त्याला जोडून लहान अक्षरांत ऑथॉरिटी हा इंग्रजी शब्द. दरवानाने दिलेली पावती म्हणजे ही फाइल. कोणी सुडो वापरून चित्रांचा प्रोग्राम चालविला तर काही वेळा ही फाइल मालकाच्या, म्हणजे रूट या नावावर जाते. मग आपल्यालाच ती लिहिता येत नाही.

तपासण्यासाठी: एल एस, जागा, उणे चिन्ह, एल ए. प्रत्येक ओळीत तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात मालकाचे आणि गटाचे नाव असते. या फाइलीसमोर आपल्या नावाऐवजी रूट दिसले तर आज्ञा द्यावी: एस यू डी ओ, जागा, सी एच ओ डब्ल्यू एन, जागा, आपले वापरनाव आणि त्याला जोडून विसर्गासारखी दोन टिंबे, जागा, फाइलीचे नाव. फाइलीचे नाव पूर्ण लिहिण्याची गरज नाही. टिंब आणि मोठा एक्स टाइप करून टॅब दाबले की उरलेले नाव संगणक बहुतेक वेळा स्वतःच भरतो. यादीत वरून दुसरी, केवळ दोन टिंबांच्या नावाची ओळ रूटच्या नावावर असते; ती तशीच बरोबर आहे, तिला हात लावू नये.

ही दोन कारणे तपासून झाली की कंट्रोल, ऑल्ट, एफ ७ दाबून लॉगिन स्क्रीनवर परतावे आणि पासवर्ड टाकून पाहावा.

तिसरे लक्षण: लॉगिन स्क्रीनच येत नाही

वायर, मॉनिटरचे बटण आणि वीज हे आधी पाहावे. ते ठीक असेल तर वर सांगितल्याप्रमाणे कंट्रोल, ऑल्ट, एफ ३ दाबावे. काळी लॉगिन स्क्रीन आली तर प्रणाली जागी आहे आणि दरवान झोपलेला आहे. आधी डिस्क भरली नाही ना ते पाहावे. मग दरवानाला उठवावे: एस यू डी ओ, जागा, एस वाय एस टी ई एम सी टी एल, जागा, आर ई एस टी ए आर टी, जागा, एल आय जी एच टी डी एम.

काहीच दिसत नसेल तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा किंवा नुकत्याच झालेल्या अद्ययावतीकरणाचा असतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि सुरू होताना एस्केप कळ दाबावी. जुन्या संगणकावर शिफ्ट दाबून धरावी. ग्रब नावाची यादी येईल. तीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स ही ओळ निवडली की गाभ्याच्या नव्या-जुन्या आवृत्त्या दिसतात. वरची नवी सोडून तिच्या आधीची निवडावी. मात्र ज्या ओळीत रिकव्हरी मोड लिहिले आहे ती नको. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

तेही झाले नाही तर ग्रबच्या पहिल्या ओळीवर उभे राहून ई कळ दाबावी. बऱ्याच ओळी उघडतील. त्यांत लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी, तिच्या शेवटी जाऊन जागा सोडावी आणि लिहावे: एन ओ एम ओ डी ई एस ई टी. मग एफ १० दाबावे. संगणक साध्या चित्रांनी सुरू होतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडून त्यात शिफारस केलेला ड्रायव्हर घालावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

पासवर्ड विसरला असेल तर

ग्रबची यादी वरीलप्रमाणेच आणावी. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन रिकव्हरी मोड लिहिलेली ओळ निवडावी. निळसर यादी आली की रूट हा पर्याय घ्यावा आणि एंटर दाबावे. मग दोन आज्ञा द्याव्यात.

पहिली: एम ओ यू एन टी, जागा, उणे चिन्ह, ओ, जागा, आर ई एम ओ यू एन टी, स्वल्पविराम, आर डब्ल्यू, जागा, तिरकी रेघ. हिच्यामुळे डिस्कवर लिहिता येते. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची.

दुसरी: पी ए एस एस डब्ल्यू डी, जागा, आपले वापरनाव. नवा पासवर्ड दोनदा द्यावा. नंतर आर ई बी ओ ओ टी.

आत गेल्यावर साठविलेल्या पासवर्डांची किरिंग नावाची पेटी कधी कधी जुनाच पासवर्ड मागते, हे लक्षात असू द्यावे.

ज्याच्या हाती संगणक आहे तो अशा रीतीने पासवर्ड बदलू शकतो, हेही यातून ध्यानी घ्यावे. ग्राहकांची कागदपत्रे संगणकावर असतील तर प्रणाली घालतानाच संपूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा पर्याय घ्यावा. मात्र त्या कुलपाचा पासवर्ड हरवला तर वरील कोणताच उपाय चालत नाही आणि माल खरोखरच जातो. तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा.

काहीच जमले नाही तर

तरीही हिशेब वाचविता येतो. मिंट घालण्यासाठी वापरलेला पेनड्राइव्ह लावून त्यावरून संगणक सुरू करावा. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला हात लावीत नाही. इन्स्टॉल या चित्रावर मात्र क्लिक करू नये. फाइलींचा प्रोग्राम उघडून डाव्या बाजूला आपली डिस्क निवडावी, होम फोल्डर उघडावे आणि फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. फोल्डर उघडायला नकार मिळाला तर उजवे बटण दाबून ओपन ॲज रूट हा पर्याय घ्यावा. हे झाल्यावर मग खुशाल फॉरमॅट करावे.

दुरुस्तीला संगणक देतानाही एवढेच सांगावे: “आधी माझे होम फोल्डर काढून दाखवा, मग फॉरमॅटचे बोलू.” जाणकार कारागीर या वाक्याचा राग मानणार नाही.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

टाइमशिफ्ट चालू आहे म्हणजे हिशेब सुरक्षित आहे, हा गैरसमज काढून टाकावा. तो प्रणालीच्या प्रती ठेवतो. आपले होम फोल्डर त्यात मुळात धरलेले नसते. त्याच्या सेटिंगमध्ये दोन-तीनच प्रती राहतील असे करावे. हिशेबाची प्रत आपणच आठवड्यातून एकदा, दुकान बंद असते त्या दिवशी, पेनड्राइव्हवर घ्यावी. दोन पेनड्राइव्ह आलटून-पालटून वापरावे आणि एक घरी ठेवावा. जीएसटीची नोंदणी असलेल्यांनी हे विशेष पाळावे. कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. संगणक बिघडला, हे कारण तेथे पुढे करता येत नाही.

आमचे ते गृहस्थ आता आणखी एक गोष्ट करतात. उचल दिली की संगणकावर लिहितातच, शिवाय कारागिराजवळच्या छोट्या वहीतही लिहून त्याची आणि स्वतःची सही घेतात. त्या तीन कारागिरांपैकी दोघे आजही त्यांच्याकडे आहेत. तिसरा दुसऱ्या कारखान्यात गेला. रक्कम फार नव्हती, पण त्या एका सकाळी घाईने फॉरमॅट झाला नसता तर तोही बहुधा गेला नसता, असे ते अजून म्हणतात.

हा लेख कापून संगणकाजवळ ठेवावा. स्क्रीन बंद पडली की त्यात लिहिलेलेही दिसत नाही, म्हणून कागदावरच ठेवावा.